७२ तासांत फिक्स दात, शून्य व्याजाचा ईएमआय: डेंटल इम्प्लांटच्या जाहिरातीत काय सांगायचं राहून जातं?

आईच्या फोनवर दातदुखीबद्दलचा एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहा. पुढचे दोन-चार दिवस फीडमध्ये काय येईल ते ठरलेलं आहे. "कवळीला रामराम करा. ७२ तासांत फिक्स दात. लाईफटाईम वॉरंटी. ईएमआय शून्य व्याजात." मग आधीचा-नंतरचा फोटो, मागे जोरदार संगीत आणि खाली व्हॉट्सअॅपचं बटण.

गंमत अशी की दात पडलेले असतात आई-वडिलांचे, पण जाहिरातीचा खरा निशाणा तुम्ही असता. क्लिनिक शोधणार तुम्ही, रिव्ह्यू वाचणार तुम्ही, अपॉइंटमेंट घेणार तुम्ही. आणि कर्ज घ्यायची वेळ आली की ओटीपीसुद्धा बऱ्याचदा तुमच्याच फोनवर येतो.

म्हणून हा विषय फक्त डॉक्टरांवर सोडून चालणार नाही. एक गोष्ट आधीच स्पष्ट करूया: इम्प्लांट हे फसवं तंत्रज्ञान नाही. दातांच्या उपचारांत गेल्या साठ वर्षांत जे काही झालं, त्यातली ही सगळ्यात भरवशाची गोष्टींपैकी एक आहे. घोळ आहे तो विकण्याच्या पद्धतीत. पैसे आज एका झटक्यात जातात, काम काही महिने चालतं आणि देखभाल मात्र पुढची वीस-तीस वर्षं करावी लागते. जाहिरात यातल्या फक्त पहिल्या दिवसाबद्दल बोलते.

इम्प्लांट म्हणजे नेमकं काय?

पडलेल्या दाताच्या जागी बसवलेला एक अख्खा दात, असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात त्याचे तीन भाग असतात. पहिला, जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा छोटा स्क्रू. हा मुळाचं काम करतो. दुसरा, त्या स्क्रूवर बसणारा जोडभाग, ज्याला अॅबटमेंट म्हणतात. तिसरा, वरून दिसणारी कॅप म्हणजे क्राऊन. आपण चावतो ते क्राऊनने, पण सगळा भार पेलतो हाडातला स्क्रू.

हा स्क्रू हाडात टिकतो कसा? याचं श्रेय स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना जातं. १९५० च्या दशकात ते सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमचं एक उपकरण बसवलं होतं. प्रयोग संपल्यावर ते काढायला गेले, तर निघेचना. हाड टायटॅनियमला थेट चिकटून वाढलं होतं. हाड आणि धातूच्या या जोडणीला पुढे ऑसिओइंटिग्रेशन हे नाव मिळालं. १९६५ साली ब्रोनेमार्क यांनी गोस्टा लार्सन नावाच्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. लार्सन २००६ साली वारले, तोपर्यंत म्हणजे चाळीस वर्षं ते इम्प्लांट काम करत होते.

आणखी एक मजेशीर गोष्ट. १९७८ साली हे इम्प्लांट मोठ्या प्रमाणावर बनवण्यासाठी ब्रोनेमार्क यांनी ज्या कंपनीशी हात मिळवला, ती होती बोफोर्स. हो, तीच तोफांवाली बोफोर्स, जिच्या नावाने आपल्याकडे सरकारं हादरली. त्याच धंद्यातून पुढे नोबेल बायोकेअर ही आज जगभर ओळखली जाणारी इम्प्लांट कंपनी उभी राहिली.

नीट निवडलेल्या रुग्णात, नीट बसवलेले इम्प्लांट दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदपेक्षा जास्त जागेवर असतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण "जागेवर असणं" आणि "काहीच त्रास नसणं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याकडे पुढे येऊच.

७२ तासांत काय होतं आणि काय होत नाही

हाडाने धातूला धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. वरच्या जबड्याचं हाड जरा भुसभुशीत असतं, तिथे वेळ जास्त लागतो. हा काळ कोणत्याही अॅपने, मशीनने किंवा ऑफरने कमी होत नाही, कारण इथे काम शरीराला करायचं असतं.

मग ७२ तासांत दात देतात ते खोटं का? सरसकट नाही. स्क्रू पहिल्याच दिवशी पुरेसा घट्ट बसला असेल, तर त्यावर लगेच दात बसवता येतात. याला इमिजिएट लोडिंग म्हणतात. एकही दात नसलेल्या जबड्यात चार किंवा सहा स्क्रूंवर पूर्ण दातांची पट्टी बसवण्याची पद्धत जगभर वापरली जाते. पण तिथेही सुरुवातीचे दात बहुतेक वेळा तात्पुरते असतात. आतली जोडणी पक्की झाल्यावर काही महिन्यांनी कायमचे दात बसतात, आणि मधल्या काळात मऊ जेवण घ्यावं लागतं. दात तीन दिवसांत मिळू शकतो, हाडाची पकड तीन दिवसांत मिळत नाही. सत्तर वर्षांच्या आजोबांना ही गोष्ट कोणी सांगितलीच नाही आणि त्यांनी चौथ्या दिवशी चिक्की फोडली, तर नुकसान कोणाचं?

जाहिरातीतल्या झटपट दातांमागे अनेकदा बेसल नावाचा प्रकार असतो. यात स्क्रू जास्त खोल, हाडाच्या टणक थरात अडकवतात. हाड फार झिजलेल्या काही रुग्णांना तो सुचवला जातो. मात्र यातले बरेच स्क्रू एकसंध असतात, म्हणजे स्क्रू आणि जोडभाग वेगळे होत नाहीत. पुढे बिघाड झाला तर फक्त वरचा भाग बदलण्याची सोय राहत नाही. नेहमीच्या दोन-तुकडी इम्प्लांटइतका दीर्घकाळचा अनुभवही त्यामागे नाही. म्हणून "माझ्या केसमध्ये हाच प्रकार का?" हा प्रश्न विचारायलाच हवा.

चार्जरची गोष्ट दातातही

काही वर्षांपूर्वी प्रत्येक फोनचा चार्जर वेगळा असायचा, आठवतं? पाहुण्यांकडे गेलं की "बारीक पिनचा आहे का?" असं विचारावं लागायचं. पुढे टाईप-सी आलं आणि ती कटकट बरीच कमी झाली. इम्प्लांटमध्ये टाईप-सी अजून आलेलं नाही.

स्वित्झर्लंडची स्ट्रॉमन, आत्ताच उल्लेख केलेली नोबेल बायोकेअर, कोरियाची ऑस्टेम अशा अनेक कंपन्या इम्प्लांट बनवतात. भारतीय कंपन्याही आहेत. स्क्रू आणि अॅबटमेंट जिथे जुळतात ती जागा प्रत्येकाची वेगळी. कोणाची षटकोनी, कोणाची निमुळती. आतला बारीक स्क्रू वेगळा आणि तो फिरवायचं हत्यारही वेगळं.

समजा, तुमच्या बाबांनी नाशिकमध्ये इम्प्लांट बसवलं. आठ वर्षांनी ते तुमच्याकडे बंगळुरूला राहायला आले आणि आतला बारीक स्क्रू सैल झाला. तसं पाहिलं तर छोटं काम. पण तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न असेल, "सिस्टीम कोणती? मापं काय?" उत्तर नसेल, तर एक्स-रे पाहून अंदाज बांधत बसावं लागतं. आणि ती सिस्टीम बाजारातून गेलेली असेल, तर हाडात उत्तम बसलेला स्क्रूसुद्धा निरुपयोगी ठरू शकतो.

यावर उपाय सोपा आणि फुकट आहे. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, मॉडेल, माप आणि लॉट नंबर लिहिलेलं लेबल असतं. ते बहुतेक वेळा सोलून फाईलवर चिकटवता येतं. ते मागून घ्या. चांगली क्लिनिकं रुग्णाला इम्प्लांट कार्डच देतात. त्याचा फोटो काढा, क्लाउडवर ठेवा आणि फॅमिली ग्रुपमध्येही टाका. फोन बदलला तरी तो सापडला पाहिजे.

स्पेनमध्ये २०१८ साली काय झालं

"लाईफटाईम वॉरंटी" वाचताना एकच प्रश्न विचारायचा: लाईफटाईम कोणाची? रुग्णाची, स्क्रूची की क्लिनिकची?

स्पेनमध्ये २०१४ साली आयडेंटल नावाची दवाखान्यांची साखळी सुरू झाली. "गरजूंसाठी मोठी सवलत" अशी जोरदार जाहिरात होती. नोकरी नसलेले, पेन्शनवर जगणारे असे अनेक लोक तिकडे वळले. उपचाराची रक्कम भरण्यासाठी बऱ्याच जणांना फायनान्स कंपन्यांकडून कर्ज काढून दिलं गेलं. २०१८ च्या उन्हाळ्यात दवाखाने बंद पडले. हजारो लोकांचे उपचार अर्धवट राहिले. कोणाचे दात काढून झाले होते पण नवे बसले नव्हते, कोणाच्या जबड्यात नुसते स्क्रू होते. अनेकांकडे स्वतःची फाईलही नव्हती. कर्जाचे हप्ते मात्र चालू होते. प्रकरण थेट तिथल्या राष्ट्रीय न्यायालयात गेलं. दोन वर्षांनी, २०२० मध्ये, डेंटिक्स ही तिथलीच आणखी एक मोठी साखळी दिवाळखोरीत गेली.

अमेरिकेत २०२३ च्या डिसेंबरमध्ये स्माईलडायरेक्टक्लब बंद पडली. ही कंपनी इम्प्लांटची नव्हती, दात सरळ करणाऱ्या पारदर्शक अलायनरची होती. पण धडा तोच. उपचार थांबले, आयुष्यभराची हमी संपली आणि हप्त्यावर घेतलेल्यांना पैसे भरत राहा असं सांगण्यात आलं.

दोन्हीकडचा सांगाडा सारखा आहे. पैसे आधी आणि पूर्ण, काम नंतर आणि तुकड्यातुकड्यांनी, आणि मध्ये एक तिसरा पक्ष म्हणजे कर्ज देणारा. त्याला तुमच्या दातांशी घेणंदेणं नसतं. आपल्याकडेही क्लिनिकमधून मिळणारं कर्ज हा तुमचा आणि बँकेचा किंवा एनबीएफसीचा वेगळा करार असतो. उपचार आवडला नाही म्हणून हप्ता थांबवलात, तर फटका तुमच्या क्रेडिट स्कोअरला बसतो.

"शून्य व्याजा"चं गणित

आकडे उदाहरणादाखल घेऊ. क्लिनिक म्हणतं, "२,४०,००० रुपये, महिना २०,००० चे १२ हप्ते, व्याज शून्य." तुम्ही विचारता, "एकरकमी दिले तर?" उत्तर येतं, "मग २,२०,००० करून देऊ." म्हणजे खरी किंमत २,२०,०००. वरचे २०,००० हे व्याजच आहे, फक्त त्याला ते नाव दिलेलं नाही. दर महिन्याला थोडं मुद्दल फिटत जातं हे धरलं, तर हा दर वर्षाला साधारण १६ टक्के पडतो. वर प्रोसेसिंग फी असेल तर आणखी.

शून्य टक्के व्याज असं काही नसतं, खर्च कुठेतरी लपवलेला असतो, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सुनावलं होतं. आता नियमही मदतीला आहेत. कर्ज देणाऱ्याने सगळे खर्च धरून वार्षिक दर दाखवणारं पानभर पत्रक, म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट, द्यावंच लागतं. डिजिटल कर्जात किमान एक दिवसाची मुदत असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या काळाचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. एकदा लागू शकणारी प्रोसेसिंग फी कापली जाऊ शकते, पण अडकून राहावं लागत नाही. टॅब्लेट पुढे करून "इथे फक्त ओटीपी सांगा" म्हणाले, तर आधी हे पत्रक मागा.

बरं, सरकारने किमतीवर मर्यादा नाही का घातली? हृदयाच्या स्टेंटवर आणि गुडघ्याच्या इम्प्लांटवर २०१७ साली कमाल किमती ठरवल्या गेल्या. दातांच्या इम्प्लांटवर अशी मर्यादा नाही. शहरांमध्ये एका दाताला वीस-पंचवीस हजारांपासून पन्नास-साठ हजारांपर्यंत आकडे ऐकू येतात. "फक्त ९,९९९" दिसलं, तर तो आकडा नुसत्या स्क्रूचा आहे की स्कॅन, अॅबटमेंट आणि क्राऊन धरून, हे विचारा.

मुळात दात काढायची गरज आहे का?

२०२४ साली अमेरिकेत केएफएफ हेल्थ न्यूज आणि सीबीएस न्यूज यांनी मिळून एक तपास प्रसिद्ध केला. वाचवता येण्यासारखे, काही वेळा तर निरोगी दातही काढून इम्प्लांट बसवले जात आहेत, असा इशारा त्यात तिथल्या तज्ज्ञांनी दिला होता. कारण उघड आहे. एक दात वाचवण्यापेक्षा अख्खा जबडा नव्याने बसवण्यात पैसा कितीतरी जास्त.

स्वतःचा दात वाचत असेल तर तो वाचवणं हाच पहिला पर्याय. रूट कॅनाल आणि कॅप, हिरड्यांचे उपचार यांनी बरेच दात अनेक वर्षं चालतात. दात गेलाच असेल तर ब्रिज आहे. त्यात शेजारचे दात घासावे लागतात, पण ऑपरेशन नसतं. कवळी स्वस्त आहे, आणि दोन-चार इम्प्लांटच्या आधाराने कवळी घट्ट बसवण्याचा मधला मार्गही आहे. कवळी म्हणजे मागासलेपण, हे जाहिरातीने पसरवलेलं चित्र आहे.

इम्प्लांटला कीड लागत नाही, हे खरं. पण त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड सडू शकतं. याला पेरीइम्प्लांटायटिस म्हणतात. संशोधनातले अंदाज कमीजास्त आहेत, तरी इम्प्लांट असलेल्या साधारण पाचांतल्या एका माणसाला हा त्रास होतो असं दिसतं. सुरुवातीला दुखतही नाही. धोका कोणाला जास्त? सिगारेट ओढणाऱ्यांना, आधी हिरड्यांचा आजार झालेल्यांना आणि साखर ताब्यात नसलेल्यांना. आपल्याकडे यात मशेरी आणि गुटखाही धरा. गुटख्याने ज्यांचं तोंड नीट उघडत नाही, त्यांच्या मागच्या दाढांपर्यंत ड्रिल पोचवणंच अवघड होतं. घरातली आजी रोज सकाळी मशेरी लावते, हे आपल्याला माहीत असतं पण डॉक्टरांना कोणी सांगत नाही. सांगा. हाडं ठिसूळ झाल्यावर दिल्या जाणाऱ्या काही औषधांमुळे जबड्याची जखम भरायला अडचण येते, म्हणून चालू औषधांची चिठ्ठीही सोबत न्या.

रोबोट आला, नवे दात उगवणारं औषध आलं. मग थांबायचं का?

२०१७ साली चीनमधल्या शिआन शहरात एका रोबोटने डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पण माणसाचा हात न लागता, दोन इम्प्लांट बसवले. अमेरिकेत योमी नावाच्या रोबोटला त्याआधी, २०१६ साली परवानगी मिळाली. त्यात ड्रिल डॉक्टरांच्याच हातात असतं आणि रोबोट ते ठरलेल्या रेषेबाहेर जाऊ देत नाही. हे सगळं भारी आहे, पण रुग्णाला सगळ्यात उपयोगी पडणारं तंत्रज्ञान साधं आहे: सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन. खालच्या जबड्यातली नस दुखावली तर ओठ बधिर होऊ शकतो, वरच्या जबड्यात सायनसची पोकळी असते. हाड किती जाड आणि नस किती लांब, हे साध्या सपाट एक्स-रेवर नीट कळत नाही. रोबोट नसला तरी चालेल, स्कॅन आणि तो वाचणारा अनुभवी डॉक्टर हवा.

जपानमध्ये दात पुन्हा उगवण्याच्या औषधाची रील तुम्ही पाहिली असेल. ती बातमी खरी आहे. यूसॅग-१ नावाचं एक प्रथिन दातांची वाढ रोखतं, त्याला अडवणाऱ्या औषधाची माणसांवरची चाचणी २०२४ साली क्योटोमध्ये सुरू झाली. पण पहिल्या टप्प्यात पाहायचंय ते औषध सुरक्षित आहे का एवढंच. आणि आधी फायदा अपेक्षित आहे तो जन्मतःच काही दात नसलेल्यांना. म्हाताऱ्या माणसांच्या पडलेल्या दातांचा क्रमांक बराच नंतरचा. त्या आशेवर आईला पुढची पाच-सात वर्षं नीट चावता न येता ठेवण्यात अर्थ नाही.

क्लिनिकमध्ये जाण्याआधी हे नोट्समध्ये टाईप करून ठेवा

१. हा दात वाचवता येईल का? दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला स्कॅनची कॉपी मिळेल का?

२. कोणत्या कंपनीची, कोणती सिस्टीम? लॉट नंबर असलेलं कार्ड देणार का?

३. लेखी एस्टिमेटमध्ये स्कॅन, स्क्रू, अॅबटमेंट, क्राऊन, गरज पडल्यास हाड भरणं आणि तात्पुरते दात असा वेगवेगळा हिशोब आहे का?

४. पैसे टप्प्याटप्प्याने देता येतील का? स्क्रूच्या वेळी एक भाग, क्राऊन बसल्यावर उरलेले. हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. काम आणि पैसे सोबत चालले, तर क्लिनिक बंद पडलं तरी तुम्ही कमी बुडता.

५. वॉरंटी कशावर? कंपनी बहुतेक वेळा फक्त स्क्रू बदलून देते. पुन्हा ऑपरेशन करायचे पैसे कोण देणार?

६. ऑपरेशन कोण करणार? रीलमध्ये दिसणारे डॉक्टर की बाहेरून येणारे? त्यांचा नोंदणी क्रमांक काय?

७. दर सहा महिन्यांनी तपासणी आणि सफाईचा खर्च किती?

खर्च परवडत नसेल तर सरकारी आणि पालिकेची दंत महाविद्यालयं विसरू नका. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि नायरचं दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज. रांग लांब असते, फेऱ्या जास्त होतात, पण दात काढायची घाई कोणी करत नाही.

फसवणूक झालीच तर पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केलंय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. तक्रार करताना उपयोगी पडतात ते जाहिरातीचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सअॅपवरची आश्वासनं आणि लेखी एस्टिमेट. म्हणून रील स्क्रोल करून पुढे जाण्याआधी तिचा एक स्क्रीनशॉट काढून ठेवा. "लाईफटाईम" हा शब्द त्यात नीट दिसला पाहिजे.